टाइम टेबल कोणाच्या हातात?

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्या दिवशी नोटीस बोर्डापाशी झुंबड उडते ती कशासाठी? सिलॅबससाठी नक्कीच नाही. नवीन मॅडम कोण आल्यात हे बघायलाही नाही (म्हणजे, फक्त त्यासाठी नाही!). गर्दी असते टाइम टेबलसाठी. सकाळी आठला मॅथ्स आहे का, शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल टाकलंय का, गावाकडची शेवटची एस.टी. मिळणार की नाही... त्या एका कागदावर आपलं पुढच्या चार महिन्यांचं आयुष्य ठरतं. आणि तो कागद बनवताना आपल्याला कोणी विचारलेलं नसतं.

मला टाइम टेबलची ताकद कळली ती मात्र गेल्या वर्षी, हॉस्टेल कमिटीच्या बैठकीत. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी मोठ्या रुबाबात वही-पेन घेऊन गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर सकाळी पाणी चढत नाही, पोरं बादल्या घेऊन खाली येतात, पहिलं लेक्चर बुडतं, हे सगळं मुद्देसूद लिहून नेलं होतं. हातात विषयपत्रिका पडली. विषय क्र. १ : मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. क्र. २ : इमारतीच्या रंगकामाची निविदा. असं करत करत क्र. ९ : विद्यार्थ्यांच्या अडचणी. क्र. १० : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. रंग क्रीम असावा की फिकट पिवळा यावर वीस मिनिटं गेली. सहाव्या विषयाला चहा आला. आठवा विषय संपला तेव्हा सरांना दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. "तुझा विषय पुढच्या वेळी नक्की घेऊ हं." पुढची बैठक झाली ती परीक्षा संपून सगळे घरी गेल्यावर.

कोणी मला 'नाही' म्हणालं नव्हतं. माझा मुद्दा कोणी खोडलाही नव्हता. मी फक्त नवव्या नंबरवर होतो.

तेव्हापासून मला एक खोड लागली. संसदेची बातमी आली की मी भाषणं ऐकत नाही, त्या दिवसाचा 'कामकाजाचा क्रम' शोधतो. तो कोणालाही इंटरनेटवर बघता येतो, आणि फारच कंटाळवाणा दिसतो. पण मित्रांनो, संसदेत कोण जिंकणार हे पुष्कळदा त्या कंटाळवाण्या कागदावर आधीच ठरलेलं असतं. आपण मात्र टीव्हीवर कोणी कोणाला कसलं उत्तर दिलं तेवढंच बघून टाळ्या वाजवतो.

लोकसभेचा साधारण दिवस असा. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. यात एका दिवशी २० तारांकित प्रश्न असतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात. शिवाय २३० अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. कोणाचा प्रश्न लागणार हे सोडत काढून ठरतं. (लॉटरीच म्हणा ना!) वीसपैकी तोंडी उत्तरापर्यंत जेमतेम चार-पाच पोचतात, बाकीच्यांचं उत्तर छापील. बाराला कागदपत्रं पटलावर ठेवली जातात आणि मग शून्य प्रहर. हा शब्द नियमांच्या पुस्तकात नाही बरं का, वहिवाटीने पडलेलं नाव आहे. पूर्वसूचनेच्या लांबलचक मुदतीशिवाय तातडीचा विषय मांडायची ही जागा. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी विधेयकं. राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी बारावर नेला. कारण काय, तर सकाळी अकराला गोंधळ ठरलेलाच, त्यात प्रश्न वाहून जायचे. म्हणजे गोंधळ हासुद्धा टाइम टेबलात गृहीत धरावा लागला!

शुक्रवारी शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांना आणि ठरावांना, आलटून पालटून. शुक्रवारची दुपार. आपल्याकडे शनिवारच्या शेवटच्या लेक्चरला वर्गात किती जण असतात? तिथेही तेच. ज्याला मतदारसंघात जायचंय तो विमानतळाच्या वाटेवर असतो. १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं झालं ते १९७० साली. माझे बाबा तेव्हा शाळेतही जात नव्हते.

तरी त्या शुक्रवारांना मी निरुपयोगी म्हणणार नाही. आपल्या कोकणातले राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. नाथ पैंनी त्याच वर्षी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं विधेयक आणलं, खासगी सदस्य म्हणून. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर वाद झाला, विधेयक काही मंजूर झालं नाही. पण १९७१ साली सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली ती त्याच वाटेने. नाथ पै तोवर गेले होते. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक यावर आजही भांडता येईल. पण विरोधी बाकावरच्या एका माणसाला शुक्रवारची दुपार मिळाली म्हणून हे भांडण संसदेत तरी झालं.

आता हा क्रम ठरवतं कोण? अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, म्हणजे सरकारच बोलावतं. राज्यघटनेच्या कलम ८५ मध्ये अट एकच आहे : दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. वर्षात किती दिवस बसायचं याची अट नाही. आत आल्यावर सरकारी कामाचा क्रम सरकार ठरवतं. कुठल्या विषयाला किती तास, हे ठरवायला कामकाज सल्लागार समिती आहे. अध्यक्षांच्या हाताखाली सगळ्या मोठ्या पक्षांची माणसं तिथे बसतात, चहा पितात आणि सांगतात, या विधेयकाला तीन तास, त्याला दोन. ते तास पक्षांना संख्याबळाच्या प्रमाणात वाटले जातात. ज्याचे दोन खासदार त्याला तीन मिनिटं, आणि तिसऱ्या मिनिटाला बेल! पण या समितीत विरोधक 'वेळ वाढवा' म्हणू शकतात, 'हा विषय घ्याच' असं हट्टाने घ्यायला लावू शकत नाहीत. लोकसभेत विरोधकांच्या मालकीचा असा एकही दिवस नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना हे एका शब्दात कळेल. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपण शेड्युलिंग शिकतो ना? प्रायॉरिटी शेड्युलिंगमध्ये वरच्या प्रायॉरिटीची प्रोसेस येतच राहिली तर खालची बिचारी रांगेतच मरते. त्याला म्हणतात स्टार्व्हेशन. परीक्षेत चार मार्कांना येतं. सी.पी.यू. त्या प्रोसेसला कधीच नकार देत नाही. फक्त तिचा नंबर लागत नाही. (मेकॅनिकलच्या मित्रांनी मेसच्या रांगेत मध्ये घुसणारे सीनियर आठवावेत, तेच ते.)

तुम्ही म्हणाल, दिल्लीत कोणाचा नंबर लागला-नाही लागला, आपलं काय जातं? जातं. आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याच्या दुरुस्तीचं विधेयक २००६ च्या डिसेंबरात आलं, स्थायी समितीकडे जाऊन आलं आणि पडून राहिलं. २००८ चं अधिवेशन संपत आलं होतं. त्याआधी महिनाभर मुंबईवर हल्ला झालेला. १७ डिसेंबरला लोकसभेने राष्ट्रीय तपास संस्थेचा आणि दहशतवादविरोधी दुरुस्तीचा कायदा संमत केला, त्यांच्यावर चर्चा झाली. मग उरलेली विधेयकं शेवटच्या दोन दिवसांत गोंधळात उरकली. २२ डिसेंबरला माहिती तंत्रज्ञान दुरुस्ती विधेयक लोकसभेत चर्चेशिवाय मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो ना आपण, आत काय लिहिलंय ते न वाचता? अगदी तसं.

त्या जर्नलात कलम ६६-अ होतं. कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' काही पाठवलं, किंवा कोणाला 'त्रास', 'गैरसोय' व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. गैरसोय म्हणजे काय? किती गैरसोय? लिहिलेलं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीलाही आणि लाइक करणारीलाही! आपल्याच वयाच्या मुली. शेवटी २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. कलम लागू झालं होतं ऑक्टोबर २००९ मध्ये. म्हणजे साडेपाच वर्षं ते चाललं.

चर्चा झाली असती तर ते कलम अडलं असतं असं मी छातीठोक सांगत नाही. चर्चा होऊनही वाईट कायदे होतातच. पण साडेपाचशे माणसांच्या सभागृहात निदान एक वकील उठून विचारता ना, की साहेब, 'गैरसोय' या शब्दाचा अर्थ काय? आणि मंत्र्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ते उत्तर नोंदलं गेलं असतं. तो प्रश्न शेवटी विचारला गेला, पण कोर्टात, आणि दोन मुलींनी पोलीस ठाणं बघितल्यानंतर.

हे त्या वेळच्या काँग्रेसच्या सरकारात झालं. पुढच्या सरकारने काही वेगळा धडा घेतला असं दिसत नाही. १४ मार्च २०१८. त्या वर्षीचा अर्थसंकल्प. सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या आणि वित्त विधेयक लोकसभेत घोषणांच्या गदारोळात, चर्चेशिवाय, अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर. याला संसदेच्या भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्यांची मान एका झटक्यात! दर वर्षी काही मंत्रालयांच्या वाट्याला गिलोटिन येतंच, वेळ पुरत नाही हे खरं आहे. त्या वर्षी मात्र एकाही मंत्रालयावर चर्चा झाली नाही.

पुढचं ऐका. दोनच दिवसांनी आंध्रच्या पक्षांनी अविश्वास ठरावाच्या नोटिसा दिल्या. अविश्वास ठराव मांडायला ५० सदस्यांनी उभं राहावं लागतं. अध्यक्षांनी सांगितलं, सभागृहात शांतता नाही, मला उभे राहिलेले सदस्य मोजता येत नाहीत, त्यामुळे ठराव घेता येत नाही. दिवसामागून दिवस हेच. अधिवेशन संपलं. अखेर ठराव चर्चेला आला २० जुलैला आणि ३२५ विरुद्ध १२६ मतांनी पडलाही. पडणारच होता. पण गोंधळात देशाचा अर्थसंकल्प मंजूर होऊ शकतो आणि गोंधळात पन्नास डोकी मोजता येत नाहीत, हे गणित मला आमच्या मॅथ्सच्या सरांकडून समजून घ्यायचंय.

२०२३ साली मणिपूरच्या हिंसाचारावरून पुन्हा अविश्वास ठराव आला. या वेळी २६ जुलैला स्वीकारला, लगेच. चर्चा मात्र ८ ऑगस्टला. २०१८ मध्ये स्वीकारल्यावर दोन दिवसांत चर्चा झाली होती, इथे तेरा दिवस. मधल्या काळात काय झालं? ज्या सरकारवर सभागृहाचा विश्वास आहे की नाही याचा निकाल लागायचा होता, त्याच सरकारची विधेयकं एकामागून एक मंजूर होत गेली. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या कोणाच्या हातात, ते विधेयक ३ ऑगस्टला. आणि त्याच ३ ऑगस्टला मांडलेलं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयक ७ ऑगस्टला लोकसभेत, ९ ला राज्यसभेत मंजूर. आपला सगळा डेटा कोण वापरणार, कसा वापरणार, सरकारला त्यातून कितपत सूट, हे ठरवणारा कायदा मांडल्यापासून सहा दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार! आमचं मिनी प्रोजेक्टसुद्धा सहा दिवसांत ॲप्रूव्ह होत नाही.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत भांडण कशावरून होतं? २६७ की १७६. हे नियमांचे नंबर. विरोधक म्हणत, बाकी सगळं काम बाजूला ठेवून नियम २६७ खाली चर्चा घ्या. सरकार म्हणे, नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चेला आम्ही तयार आहोत. पेपरात वाचणाऱ्याला वाटतं, काय पोरकटपणा आहे, चर्चा तर दोघांनाही हवी आहे ना? पण अल्पकालीन चर्चेला मतदान नसतं. चर्चा झाली, सगळे बोलले, चहा प्याले, घरी गेले. २०१२ साली किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून लोकसभेत नेमकं हेच झालं होतं, तेव्हा नंबर होते १९३ आणि १८४. आज सत्तेत असलेला भाजप तेव्हा मतदानासाठी अडून बसला होता, कितीतरी दिवसांचं कामकाज गेलं, मग सरकारने १८४ मान्य केला आणि डिसेंबरात मतदान झालं. बाकं बदलली की भूमिका बदलते. म्हणून मी यात पक्ष शोधत नाही.

आता गोंधळाकडे येतो. "खासदार नुसता दंगा करतात, आपल्या टॅक्सचे पैसे वाया" हे वाक्य प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. मीही म्हणायचो. हॉस्टेलच्या त्या बैठकीनंतर जरा कमी म्हणतो. पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिमच आठवते : ज्याला रांगेत जागा मिळत नाही त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, इंटरप्ट. ओरडा, वेलमध्ये उतरा, काम बंद पाडा, म्हणजे निदान कोणीतरी बघेल. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची विधेयकं चालू होती. बैठकीची वेळ एकपर्यंत. एक वाजला. विरोधकांचं म्हणणं, मंत्र्यांचं उत्तर आणि मतदान उद्या घ्या. पीठासीन उपसभापतींनी वेळ वाढवली आणि काम पुढे चालू ठेवलं. त्यावरून माइक ओढण्यापर्यंत, नियमांचं पुस्तक फाडण्यापर्यंत मजल गेली, आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. पुस्तक फाडणं लाजिरवाणंच होतं, त्याचं समर्थन नाही. पण भांडणाची ठिणगी 'आज की उद्या' या एका प्रश्नाची होती. उद्या घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले गेले. तेही चर्चेशिवाय, काही मिनिटांत!

मात्र विरोधकांनाही सोडता येत नाही. प्रश्नोत्तराचा तास हा त्यांचा हक्काचा तास, आणि ते पहिल्यांदा तोच बुडवतात. २०१० चं जवळपास सगळं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात संयुक्त समिती हवी म्हणून वाहून गेलं. समिती पुढच्या वर्षी मिळाली. म्हणजे दंग्याने काम होतं हा धडा सगळ्यांनी पाठ केला. वास्तविक प्रश्न नीट विचारला तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच संसदेत आहे. १९५७ साली फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयाने आणि काँग्रेसच्याच खासदाराने, लोकसभेत विचारलं की आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर्स का घेतले. कागद हातात, आकडे तोंडपाठ. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची एकसदस्य चौकशी बसली, मुंबईत जाहीर सुनावणी झाली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आपले पुण्याचे मधु लिमये बिहारमधून निवडून जायचे आणि नियमांचं पुस्तक एवढं पाठ, की ते उभे राहिले की मंत्र्यांच्या पोटात गोळा यायचा, असं जुनी मंडळी सांगतात. तेव्हा सभागृह बसायचंही जास्त. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेत २७४. मुदत पूर्ण केलेल्या लोकसभांमध्ये सगळ्यात कमी. कोविड होता हे मान्य, पण सोळावीसुद्धा ३३१ वरच थांबली होती. पाच वर्षांत २७४ दिवस म्हणजे वर्षाला पंचावन्न. एवढ्या अटेंडन्सवर आपल्याला डिटेन करतात.

मेसमध्ये हा विषय काढला तर माझा रूममेट (सिव्हिलचा आहे, प्रॅक्टिकल माणूस) म्हणाला, "अरे, लोकांनी सरकारला निवडून दिलंय काम करायला. रोज विरोधकांचंच ऐकत बसले तर रस्ते कधी बांधायचे?"

मी म्हटलं, "रोज कोण म्हणतंय? आठवड्यातून एक दिवस."

"मग त्या दिवशी ते सरकारला फक्त शिव्या घालणार."

"घालू देत की! निदान बाकीचे चार दिवस वेलमध्ये येणार नाहीत."

यावर त्याने माझ्या ताटातला पापड उचलला, म्हणजे मुद्दा त्याला थोडा पटला असावा.

ही काही माझी अफलातून कल्पना नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, जिथून आपण हे सगळं आणलं, सरकारी कामाला अग्रक्रम हा नियम तिथेही आहे. पण त्याच नियमात एका सत्रात २० दिवस विरोधकांचे आहेत : १७ विरोधी पक्षनेत्याचे, ३ दुसऱ्या मोठ्या विरोधी पक्षाचे. विषय त्यांनी ठरवायचा आणि त्यावर मतदानही होतं. २०१० पासून मंत्री नसलेल्या साध्या सदस्यांची एक समितीही आहे, काही दिवसांचे विषय ती ठरवते. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. ब्रेक्झिटच्या वेळी तिथलीही लढाई अखेर टाइम टेबलवर आली. २५ मार्च २०१९ ला खासदारांनी ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी एका दिवसाचं कामकाज सरकारच्या हातातून काढून स्वतःकडे घेतलं. पुढे पंतप्रधान जॉन्सन यांनी पाच आठवड्यांसाठी संसदच बंद ठेवायचा घाट घातला, तर २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. एवढा मोठा देश दोन तट पडून भांडत होता, आणि पेच काय, तर बुधवारी सभागृहात आधी कुठला विषय घ्यायचा!

आपल्याकडे सूचनांचा तुटवडा नाही. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यघटना फेरआढावा आयोगाने २००२ सालीच सांगितलं की लोकसभेने वर्षात किमान १२० आणि राज्यसभेने १०० दिवस बसावं. ते अजून कागदावरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की दिवसांची संख्या वाढवून भागणार नाही. १२० दिवस बसले आणि एकशेविसाव्या दिवशीही विषय सरकारनेच ठरवला, तर माझ्यासारखा नववा नंबरवाला १२० दिवस नववाच राहील. स्टार्व्हेशनवर पुस्तकात उपाय दिलाय, एजिंग. जी प्रोसेस जितका वेळ थांबली तितकी तिची प्रायॉरिटी आपोआप वाढत जाते. सी.पी.यू.च्या मर्जीवर नाही, आपोआप. संसदेत असं करता येईल : आठवड्यातला एक दिवस विरोधकांचा, मतदानासकट. आणि अविश्वास ठराव स्वीकारला की त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरं विधेयक नाही. यासाठी घटनादुरुस्तीसुद्धा नको, सभागृहाचे नियम सभागृहच बदलतं. पण बदलणार कोण? बहुमतवाले. आणि बहुमतवाल्यांना आपण कधीतरी समोरच्या बाकांवर बसू असं सत्तेत असताना कधी वाटत नाही. २००८ मध्ये काँग्रेसला वाटलं नव्हतं.

जाता जाता, हॉस्टेलचं सांगायचं राहिलं. यंदाच्या पहिल्या बैठकीची नोटीस लागली, पाणी पुन्हा नवव्या नंबरवर. या वेळी मी भाषण तयार केलं नाही. बैठकीच्या चार दिवस आधी वॉर्डन सरांना लेखी अर्ज दिला : 'विषय क्र. ९ हा इतिवृत्तानंतर लगेच घ्यावा ही विनंती', खाली तिसऱ्या मजल्यावरच्या ४१ जणांच्या सह्या. सर अर्ज वाचून हसले. "एवढंच ना? मग आधी का नाही सांगितलंस?" बैठकीत पाणी दुसऱ्या नंबरवर आलं. पंचवीस मिनिटं चर्चा झाली. पंप आता सकाळी साडेसहाऐवजी पाचला सुरू होतो, आणि वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलला. रंगकामाची निविदा वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलली आहे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी